शर्मगाहवर पुळी, गाठ किंवा चामखीळ : घाबरू नका, पण लपवूही नका

हातावर फोड आला तर आपण घरातल्या चार जणांना दाखवतो. कुणी हळद लावायला सांगतं, कुणी डॉक्टरांचं नाव सुचवतं, आणि दोन दिवसांत इलाज सुरू होतो. तोच फोड नाभीखाली आला तर मात्र तोंडाला कुलूप लागतं. उर्दूत त्या अवयवांना ‘शर्मगाह’ म्हणतात, मराठीत ‘गुप्तांग’. एका नावात शर्म आहे, दुसऱ्यात गुपित. त्यामुळे तिथल्या दुखण्याला आपल्या घरात नावच उरत नाही. मुलं ‘तिकडे दुखतंय’ म्हणतात, बाया ‘खालचा त्रास’ म्हणतात आणि पुरुष तर काहीच म्हणत नाहीत.

आम्ही शाळेत शिकवतो. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. तो शिकवताना वर्गात किती शांतता पसरते ते आम्हाला ठाऊक आहे. हीच शांतता पुढे संसारातही टिकते. म्हणून आज सरळ भाषेत बोलूया. हया ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती इलाजाच्या आड येता कामा नये.

एक गोष्ट आधीच सांगतो. त्या जागी दिसणारा प्रत्येक उंचवटा म्हणजे ‘घाणेरडा रोग’ नसतो. पुष्कळ वेळा तो रोगच नसतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. न दुखणारा आणि आपोआप बरा होणारा प्रत्येक फोड निरुपद्रवी असतोच असं नाही. हा फरक घरी आरशात पाहून किंवा मोबाइलवरच्या फोटोशी ताडून करता येत नाही, तो डॉक्टरच करू शकतात.

जे आजार नाहीतच

वयात आलेल्या मुलग्यांना आणि तरुणांना लिंगाच्या टोकाच्या कडेवर बारीक, मोत्यासारख्या दाण्यांची ओळ दिसते. दाणे एक-दोन मिलिमीटरचे, एकसारखे, न दुखणारे असतात. हा त्वचेचा नैसर्गिक भाग आहे. तो कुणाकडून लागत नाही आणि कुणाला देताही येत नाही. त्याला औषधाची गरज नसते.

काहींना त्या भागात पिवळसर-पांढरे बारीक ठिपके दिसतात. त्या तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. तसेच ठिपके ओठांवरही असतात, पण ओठांवरचे पाहून कुणी घाबरत नाही. स्त्रियांमध्ये योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सारखे, मऊ, गुलाबी दाणे असू शकतात. हेही नैसर्गिकच, पण अनेकदा त्यांना चामखीळ समजून घाबरगुंडी उडते.

अशा निरोगी माणसांच्या भीतीवरच भोंदू लोकांचा धंदा चालतो. रेल्वे स्टेशनजवळच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ अशा जाहिराती सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तिथे गेलेल्या पोराला ‘तुला काही झालेलं नाही, घरी जा’ असं कुणी सांगत नाही. त्याला महागड्या पुड्यांची थैली मिळते. खरा डॉक्टर मात्र एका नजरेत सांगू शकतो की हे नॉर्मल आहे.

केस काढल्यानंतरच्या पुळ्या

नाभीखालचे केस चाळीस दिवसांच्या आत काढण्याची सुन्नत आपल्याकडे पाळली जाते. उद्देश स्वच्छतेचा आहे. पण काढण्याची पद्धत चुकली तर पुळ्या येतात. जुनं ब्लेड, कोरडी त्वचा आणि उलट्या दिशेनं फिरवलेला वस्तरा यामुळे कापलेला केस वाकून पुन्हा त्वचेत शिरतो किंवा केसाच्या मुळाशी जंतू शिरतात. मग लाल पुळी, तिच्यावर पांढरं टोक, आणि वाढली तर केसतोड. बसताना-उठताना जीव नकोसा होतो.

यावर उपाय साधा आहे. आधी कोमट पाण्यानं केस मऊ करा, साबण किंवा शेव्हिंग क्रीम लावा, नवं ब्लेड घ्या आणि केसांच्या दिशेनंच फिरवा. रेझर नवरा-बायकोतसुद्धा एकमेकांचा वापरू नका. केस काढायची क्रीम या नाजूक जागी भाजल्यासारखी आग करू शकते, म्हणून जपून. त्वचेच्या दृष्टीनं कात्रीनं किंवा ट्रिमरनं बारीक कापणं सगळ्यात सुरक्षित. तेवढ्यानं सुन्नत अदा होते का, हे आपल्या आलिमांना विचारा.

पुळी आलीच तर पिळू नका, सुईनं फोडू नका. स्वच्छ कापड गरम पाण्यात भिजवून दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं शेकलं की बहुतेक पुळ्या बसतात. गाठ वाढत गेली, ताप आला किंवा आजूबाजूची त्वचा लाल होऊन गरम लागली तर मात्र दवाखाना गाठा. आणि असे फोड पुन्हा पुन्हा येत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहाची पहिली चाहूल कधी कधी अशीच लागते.

फोडातून पाणी येत असेल तर वुजूचं काय, हा प्रश्न अनेकांना पडतो. तो आलिमांना जरूर विचारा. पण फोडाचं काय करायचं, हे डॉक्टरांनाच विचारायचं असतं.

गाठी

स्त्रियांच्या योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना ओलावा देणाऱ्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यातल्या एकीचं तोंड बंद झालं की एका बाजूला गाठ येते. लहान असेल तर ती दुखतही नाही. तिच्यात पू झाला की चालणंही कठीण होतं. कोमट पाण्याच्या टबात बसल्यानं आराम पडतो, पू झाला असेल तर डॉक्टर छोटा चिरा देऊन तो काढतात. चाळीशीनंतर अशी गाठ पहिल्यांदाच आली असेल तर ती न दुखणारी असली तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलीच पाहिजे.

पुरुषांच्या अंडकोशाच्या कातडीत पांढरट, टणक, वाटाण्याएवढ्या गाठी होतात. कातडीतल्या या गाठी सहसा निरुपद्रवी असतात. पण गाठ कातडीत नसून आत, अंडाशीच लागत असेल तर वाट पाहू नका.

आणखी एक त्रास आहे, ज्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. जांघेत, बगलेत, स्तनांखाली खोल दुखऱ्या गाठी वर्षानुवर्षं येत राहतात, फुटतात, व्रण ठेवतात. अशा बाईला किंवा पुरुषाला ‘नीट आंघोळ करत नाहीस’ असे टोमणे खावे लागतात. वास्तविक हा अस्वच्छतेमुळे होणारा आजार नाही आणि तो कुणाला लागतही नाही. धूम्रपान आणि जास्त वजन यांनी तो बळावतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याचा इलाज आहे, आणि लवकर गेलं तर व्रण कमी पडतात.

खाज आणि मेडिकलमधली ट्यूब

रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, कमरेला पुरळ आहे, पुरुषांना लिंगावर आणि अंडकोशावर खाजऱ्या गाठी आल्या आहेत, आणि घरातल्या आणखी कुणालाही खाजतंय : ही खरूज असण्याची शक्यता फार मोठी. ती बारीक किड्यामुळे होते आणि जवळ झोपल्यानं पसरते. डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिन नावाची क्रीम देतात. ती मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायची असते, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. खरी गोम अशी, की घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायची, ज्यांना खाज नाही त्यांनीही. चादरी आणि कपडे गरम पाण्यात धुवायचे. एकट्यानं लपून इलाज केला तर खरूज घरातच फिरत राहते. वसतिगृहात किंवा मदरशात राहणाऱ्या मुलांना झाली तर हाच नियम तिथेही लागतो.

जांघेतला नायटा वेगळा. तो गोल, कडेला लाल आणि खवलेदार असतो. घट्ट कपडे, घाम, ओली अंतर्वस्त्रं यामुळे तो वाढतो. इथे बहुतेकांचा पाय घसरतो तो मेडिकलच्या दुकानात. ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की हातात येते तिच्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश. ट्यूब बंद केली की नायटा दुप्पट जोमानं परत येतो. महिनोन्महिने लावलं तर जांघेची कातडी पातळ होते आणि तिच्यावर कायमचे पट्टे पडतात. याच गैरवापरामुळे २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही त्या काउंटरवर मिळतातच. नियम कागदावर आहे, तेव्हा काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल.

जे संसर्गातून येतं

आता त्या आजारांकडे वळू, ज्यांची खरी भीती असते.

मोलस्कम नावाच्या विषाणूमुळे कातडीच्या रंगाचे, चकचकीत, मधोमध खळगा असलेले दाणे येतात. लहान मुलांमध्ये ते साध्या स्पर्शानं, एकाच टॉवेलनंही पसरतात. मोठ्यांच्या गुप्तांगावर आले तर बहुधा शारीरिक संबंधातून आलेले असतात. बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप जातात, पण त्यावरून वस्तरा फिरवला तर वाढतात.

गुप्तांगावरची चामखीळ, म्हणजे मस्सा, एचपीव्ही या विषाणूमुळे होते. कधी एकटी, कधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. ती सहसा दुखत नाही. डॉक्टर ती औषधानं, गोठवून किंवा जाळून काढतात. घरी चुना-सोडा लावणं किंवा घोड्याचा केस बांधणं हे प्रकार अजूनही चालतात. या जागी त्यांनी जखम होते आणि विषाणू तिथेच राहतो. पायाच्या भोवरीसाठीचं ॲसिड तर इथे मुळीच नको.

याच विषाणूचे काही दुसरे प्रकार स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरतात. त्याविरुद्ध लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२३ मध्ये भारतीय लस बाजारात आणली. ९ ते १४ वर्षांच्या वयात दोन डोस पुरतात. मुलीच्या शाळेची फी भरताना या लसीबद्दलही एकदा डॉक्टरांशी बोला.

हर्पिसमध्ये बारीक पाण्याच्या फोडांचा घोस येतो, फुटून जखमा होतात, आग होते, लघवीला जळजळ होते. काही दिवसांत भरून येतं, पण विषाणू शरीरात राहतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. गोळ्यांनी त्रास आणि उलटणं दोन्ही कमी होतं. गरोदर बाईनं आपल्याला असं कधी झालं होतं हे प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आणि सिफिलिस. हा सगळ्यात फसवा. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक टणक, स्वच्छ दिसणारी जखम येते आणि ती दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत काही न करता भरून येते. माणूस अल्लाहचे शुक्र मानतो आणि विसरतो. पण आजार गेलेला नसतो, रक्तात उतरलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ, गुप्तांगावर चपटे ओलसर उंचवटे, आणि वर्षांनंतर मेंदू-हृदयापर्यंत मजल. गरोदर स्त्रीला असेल तर बाळ पोटातच दगावू शकतं. म्हणूनच गरोदरपणात व्हीडीआरएल ही रक्ततपासणी करतात. इतका भयंकर आजार, पण सुरुवातीच्या टप्प्यात इलाज पेनिसिलिनच्या इंजेक्शनचा, तोही स्वस्त. फक्त जोडीदारानंही तपासून इलाज घ्यायला हवा, नाहीतर घरातल्या घरात तो पुन्हा लागतो.

संशयाचा फोड

आपल्या कोकणातल्या अनेक घरांत नवरा आखातात नोकरीला असतो. समजा, तो गावाकडे येऊन जाऊन वर्ष झालं आहे आणि आता बायकोला चामखीळ दिसली. सासूच्या कानावर गेलं तर काय होईल, हे आम्ही वेगळं सांगायला नको. उलटही होतं. तो सुट्टीवर आला, त्याला फोड दिसले आणि बायकोनं बोलणं टाकलं.

म्हणून नीट समजून घ्या. चामखिळीचा विषाणू शरीरात महिनोन्महिने, कधी वर्षंही गप्प बसू शकतो. हर्पिसचंही तसंच, आणि त्याचा एक प्रकार तर तोंडावाटेही पसरतो, जो अनेकांना लहानपणीच घरातल्यांच्या पाप्यांतून झालेला असतो. त्यामुळे आज फोड दिसला म्हणजे काल-परवा कुणी बेवफाई केली, असा हिशेब मांडता येत नाही. आणि पुळी केसतोडाची किंवा खरजेची असेल तर सवालच नाही. फोडावरून निकाल लावून निकाह मोडायला निघण्याआधी तपासणीचा कागद हातात असू द्या.

पण हेही खरं, की तपासणीत संसर्ग निघाला तर दोघांनीही इलाज घ्यायचा आणि डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळायचा. स्वतः गोळ्या खाऊन जोडीदाराला अंधारात ठेवणं म्हणजे अमानतीत खयानत आहे.

मुलांच्या बाबतीत

लहान मुलाच्या त्या जागी पुरळ दिसलं तर बहुधा डायपरचं, घामाचं, खरजेचं किंवा मोलस्कमचं असतं. मुलाला रागवू नका. पण चामखिळीसारखं काही किंवा जखम दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, आणि डॉक्टरांनी काही नाजूक प्रश्न विचारले तर चिडू नका. ते मुलाच्या सुरक्षेसाठीच विचारतात. क्वचित त्यामागे कुणीतरी मुलाला त्रास दिल्याचं निघतं, आणि तेव्हा घराण्याच्या इज्जतीआधी मूल येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. शिक्षक म्हणून आमची विनंती अशी, की मुलांना शरीराच्या प्रत्येक भागाचं नाव शिकवा. ज्या भागाचं नाव येत नाही, तिथला त्रास मूल सांगू शकत नाही.

कुणाकडे आणि कसं जायचं

लगेच जायला हवं अशी लक्षणं : दोन आठवड्यांत न भरणारी जखम, दुखो वा न दुखो, रक्त येणारी, टणक किंवा वाढत जाणारी गाठ, पाण्याचे फोड, पू, दुर्गंधी किंवा पांढरं-पिवळं जाणं, ताप, जांघेत सुजलेल्या गाठी, लघवी अडणं, आणि गरोदरपणात दिसलेला कुठलाही फोड किंवा जखम.

त्वचारोगतज्ज्ञांच्या पाटीवर ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून पाय मागे घेऊ नका. त्यांच्या पदवीतच हे तिन्ही विषय एकत्र असतात आणि त्याच दारातून मुरुमाचे आणि केसगळतीचे पेशंटही आत जातात. स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. लेडी डॉक्टर मागणं हा तुमचा हक्क आहे. ती उपलब्ध नसेल आणि पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर नर्स किंवा घरातली बाई सोबत असायला हवी, ते बेधडक सांगा. इलाजासाठी गरजेपुरता भाग डॉक्टरांना दाखवायला शरीयतमध्ये मुभा आहे, यावर उलेमांचं दुमत नाही.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे समुपदेशन, तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते, नाव सांगावं लागत नाही. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो, असा २०१७ चा कायदा आहे.

बोलायला जीभ रेटत नसेल तर कागदावर लिहून न्या : केव्हापासून आहे, दुखतं की खाजतं, याआधी झालं होतं का, काय काय लावलं, शुगर आहे का, पाळी चुकली आहे का, जोडीदाराला काही आहे का. लावलेली ट्यूबही सोबत न्या. जाण्याआधी नवं काही चोपडू नका, नाहीतर डॉक्टरांना मूळ रूप दिसत नाही. फोटो काढून कुणाला पाठवू नका. मोबाइलमधून गेलेला फोटो परत येत नाही.

घरात कुणी हळूच येऊन ‘मला तिकडे काहीतरी झालंय’ म्हणालं, तर पहिला प्रश्न ‘कुठून आणलंस?’ असा नसावा. ‘किती दिवस झाले? उद्या सकाळी दाखवून येऊ,’ एवढंच म्हणा. अम्मीनं मुलीला, नवऱ्यानं बायकोला, मोठ्या भावानं धाकट्याला इतकं म्हटलं, तरी निम्मा इलाज झाला असं समजा.